परदेशप्रवासाचा विमा : घ्यावा की घेऊ नये?



ह्या व्यासपीठावरून आपण वेदान्तापासून अवकाशयानापर्यंत अनेक विषय ऐकले असतील. त्या मानाने माझा आजचा विषय अगदी व्यवहारातला आहे. परदेशी जाताना प्रवासाचा विमा घ्यावा की घेऊ नये, एवढाच तो प्रश्न. मी विमाशास्त्राचा पदवीधर नाही. कोणत्याच शास्त्राचा नाही. माझे शिक्षण कारखान्याच्या फाटकावर आणि युनियनच्या कचेरीत झाले. परंतु करारनामा वाचणे हे माझे रोजचे काम आहे, आणि विमापत्र म्हणजे शेवटी एक करारनामाच. एक पक्ष पैसे देतो, दुसरा वचन देतो. वचन नेमके किती आणि कशाचे, हे ज्याला वाचता आले त्यालाच त्याचा उपयोग.

कामगार चळवळीतल्या माणसाला परदेशप्रवासाशी काय कर्तव्य, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर आमच्या सभासदांच्या घरांत आहे. फिटरची मुलगी संगणकाची इंजिनियर होऊन अमेरिकेत जाते आणि तिच्या बाळंतपणासाठी निवृत्त फिटर व त्याची पत्नी सहा महिने तिकडे जाऊन राहतात. दुसरीकडे रत्नागिरी-रायगडातला गवंडी, वेल्डर किंवा ड्रायव्हर आखातात मजुरीला जातो. एक नातवंडासाठी जातो, दुसरा पोटासाठी. दोघांच्या खिशात एकेक विम्याचा कागद असतो आणि बहुतेक वेळा दोघांनीही तो वाचलेला नसतो.

विम्याविरुद्ध नेहमी ऐकू येणारा आक्षेप असा : "मागच्या दोन खेपांना विमा काढला, काही झाले नाही, पैसे पाण्यात गेले." हा आक्षेप तपासून पाहू. मुंबईच्या गिरणगावात गावोगावच्या मंडळांच्या खोल्या होत्या. एकेका खोलीत वीस-वीस, तीस-तीस माणसे पाळीपाळीने झोपत आणि दरमहा वर्गणी भरत. कोणी आजारी पडला तर औषधपाणी, मेला तर त्याच्या बायकामुलांना गावी चार पैसे, हे त्या वर्गणीतून होई. वर्षाच्या शेवटी कोणी असे म्हणत नसे की, "मी काही मेलो नाही, तेव्हा माझी वर्गणी परत द्या." आपली वर्गणी दुसऱ्याच्या उपयोगी पडली, म्हणजे आपल्यावर वेळ आली नाही, ह्यात लोक समाधान मानीत. विम्याचे मूळ तत्त्व हेच आहे. पैसे परत आले नाहीत म्हणून विमा वाया गेला, असे म्हणता येत नाही.

तथापि गावच्या मंडळात आणि विमा कंपनीत एक फरक आहे, तो विसरून चालणार नाही. कंपनी जो प्रीमियम घेते त्यातून भरपाई द्यावयाची असते, शिवाय कचेरीचा खर्च, एजंटाचे कमिशन आणि भागधारकांचा नफाही काढावयाचा असतो. ह्याचा अर्थ उघड आहे. सर्व ग्राहकांनी मिळून जितके भरले त्यापेक्षा कमीच त्यांना भरपाईच्या रूपाने परत मिळणार. तेव्हा विमा हा फायद्याचा सौदा कधीच नसतो. मग तो घ्यावयाचा कशासाठी? जो तोटा आपल्याला एकट्याला पेलणार नाही, त्याच्यासाठी. जो तोटा आपण खिशातून सोसू शकतो त्याचा विमा काढणे म्हणजे कंपनीचा खर्च विनाकारण आपल्या डोक्यावर घेणे होय. माझ्या आजच्या बोलण्याचे सार एवढेच आहे.

प्रवासाच्या विम्याचा इतिहास ह्या दृष्टीने मनोरंजक आहे. इंग्लंडात आगगाडी सुरू झाली आणि अपघातही सुरू झाले. १८४९ साली लंडनमध्ये रेल्वे प्रवाशांचा विमा उतरवणारी एक कंपनी निघाली. ती तिकिटाबरोबरच विमा विकी. पहिल्या वर्गाच्या उतारूने तीन पेन्स भरले की मृत्यूबद्दल एक हजार पौंड. दुसऱ्या वर्गाला दोन पेन्सांत पाचशे. आणि तिसऱ्या वर्गाला एका पेनीत दोनशे. म्हणजे गाडी एकच, अपघात एकच, पण मरणाचेही तीन वर्ग! तरीसुद्धा ह्या व्यवस्थेत एक गोष्ट बरोबर होती. कमावता माणूस गेल्यावर जो घाव कुटुंबावर बसतो त्याचाच तो विमा होता. ट्रंक हरवल्याचा नव्हता. आपल्याकडे आज आगगाडीचे तिकीट संगणकावरून काढताना एका रुपयाहून कमी पैशांत दहा लाखांचा विमा मिळतो, तो त्याच जातीचा.

आता परदेशी जाणाऱ्याला कोणकोणते तोटे संभवतात ते पाहू. त्यांचे दोन ढीग करता येतात. एका ढिगात सामान हरवणे, विमान चुकणे, विमानाला उशीर होणे, पासपोर्ट गहाळ होणे. दुसऱ्या ढिगात इस्पितळात दाखल व्हावे लागणे, आजारी माणसाला मायदेशी आणावे लागणे आणि मृत्यू आल्यास शव घरी आणणे. पहिला ढीग त्रासाचा आहे. दुसरा ढीग घर बुडवणारा आहे.

पहिला ढीग लवकर आवरता येतो. सामानाची जबाबदारी बऱ्याच अंशी विमान कंपनीवर कायद्यानेच आहे. १९९९ चा माँट्रियल करार भारताने २००९ साली स्वीकारला. त्या कराराप्रमाणे सामान हरवणे, मोडणे किंवा उशिरा मिळणे ह्याबद्दल दर प्रवाशामागे ठराविक मर्यादेपर्यंत भरपाई मागता येते. २८ डिसेंबर २०२४ पासून ही मर्यादा १,५१९ एस.डी.आर. करण्यात आली. एस.डी.आर. म्हणजे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे हिशेबाचे एकक. रुपयांत ही रक्कम दीड लाखाच्या वर जाते. अर्थात ही कमाल मर्यादा झाली. मिळते ते सिद्ध झालेल्या नुकसानीइतकेच. पण अट अशी की, सामान मोडले असेल तर ते मिळाल्यापासून सात दिवसांच्या आत आणि उशिरा मिळाले असेल तर एकवीस दिवसांच्या आत लेखी तक्रार झाली पाहिजे. विमानतळ सोडण्यापूर्वीच काउंटरवर तक्रार लिहून तिची प्रत खिशात घालावी. हक्क असतो, पण मुदतीत अर्ज नसल्यामुळे तो मरतो, हा अनुभव आम्हा युनियनवाल्यांना नवा नाही. तेव्हा केवळ सामानासाठी म्हणून कोणी विमा घेत असेल तर मी त्याला घेऊ नको असे सांगेन. विमापत्रात तो इतर गोष्टींबरोबर आलाच तर येवो, पण त्याकडे पाहून विमापत्र निवडू नये.

आता दुसऱ्या ढिगाकडे वळू. देशोदेशी परिस्थिती वेगळी असल्यामुळे तीन ठिकाणांचे उदाहरण घेतो.

प्रथम अमेरिका. तिथे १९८६ च्या कायद्याने बंधन घातले आहे की, इस्पितळाच्या तातडीच्या विभागात आलेल्या माणसाला, त्याच्याजवळ पैसे असोत वा नसोत, तपासले पाहिजे आणि प्राणावरचा धोका टळेपर्यंत उपचार केले पाहिजेत. हे ऐकून पुष्कळांना वाटते की, मग काळजी कसली? पण उपचार नाकारता येत नाही म्हणजे उपचार फुकट होतो असे नव्हे. बिल मागाहून येते. ते केवढे येते? अमेरिकन सरकारच्या आरोग्यविम्याच्या माहितीपत्रातच असे सांगितले आहे की, मोडलेला पाय नीट करण्याचा खर्च ७,५०० डॉलरपर्यंत जाऊ शकतो आणि इस्पितळातील तीन दिवसांचा सरासरी खर्च सुमारे ३०,००० डॉलर येतो. तीस हजार डॉलर म्हणजे आपले पंचवीस लाख रुपयांच्या वर. आता दुसरा आकडा त्याच्या शेजारी ठेवा. ग्रॅच्युइटीची कायदेशीर कमाल मर्यादा २०१८ साली वीस लाख रुपये करण्यात आली. म्हणजे आयुष्यभर राबून एखाद्या कामगाराला मिळालीच तर मिळणारी ती सर्वांत मोठी रक्कम अमेरिकेतल्या इस्पितळाच्या तीन दिवसांनाही पुरत नाही. मुलाच्या किंवा मुलीच्या नोकरीतून मिळणारा विमा तिकडे साधारणतः पतिपत्नी आणि मुलांपुरता असतो. पाहुणे म्हणून आलेल्या आईबापांना त्याचा आधार नसतो. आपल्याकडचा आरोग्यविमाही बहुधा देशाच्या सीमेपर्यंतच चालतो. तेव्हा अमेरिकेला जाणाऱ्याने विमा घ्यावा की नाही हा प्रश्नच उरत नाही.

दुसरे ठिकाण इंग्लंड. तिथे ५ जुलै १९४८ पासून राष्ट्रीय आरोग्यसेवा आहे आणि ती सर्वांना मोफत आहे अशी आपल्याकडे समजूत आहे. ती अर्धी खरी आहे. तातडीच्या विभागात होणारे उपचार पाहुण्यालाही मोफत मिळतात. परंतु त्याला वॉर्डात दाखल करून घेतले की तो परदेशी पाहुणा ठरतो आणि त्याच्याकडून आरोग्यसेवेच्या ठरलेल्या दराच्या दीडपट आकारणी होते. छातीत कळ आली म्हणून तपासले, तोवर फुकट. पुढे दाखल केले की मीटर चालू.

तिसरे ठिकाण युरोपातले शेंगेन देश. ह्यांनी हा प्रश्न आपल्यापुरता सोडवून टाकला आहे. थोड्या मुदतीच्या व्हिसासाठी अर्ज करणाऱ्याजवळ निदान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा असलाच पाहिजे, तो त्या सर्व देशांत आणि मुक्कामाच्या सर्व दिवसांत लागू असला पाहिजे, आणि त्यात तातडीचे उपचार, इस्पितळ, आजारी माणसाला परत पाठवणे व मृत्यू ह्या गोष्टी आल्या पाहिजेत, असा त्यांचा नियम आहे. तिथे घ्यावा की घेऊ नये हे आपल्या हातात नाही. पण एक लक्षात ठेवावे. व्हिसाला चालणारे विमापत्र आणि आपल्या उपयोगी पडणारे विमापत्र एकच असेल असे नाही. अटीचा कागद म्हणून सर्वांत स्वस्त विमा घेणारा माणूस आणि कारखान्याच्या निरीक्षकाला दाखवण्यापुरते हेल्मेट डोक्यावर ठेवणारा माणूस, दोघे सारखेच.

आता त्या कागदाच्या आत शिरू. मी आमच्या सभासदांना सांगतो की, करारात देणगीचे कलम मोठ्या अक्षरात असते आणि वगळण्याचे कलम बारीक अक्षरात. म्हणून वाचायला मागून सुरुवात करावी. प्रवासाच्या विम्यात वगळण्याच्या यादीत सर्वांत महत्त्वाची ओळ म्हणजे आधीपासून असलेला आजार. मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार हे जडलेल्या माणसाला परदेशात त्याच कारणाने इस्पितळात जावे लागले तर पुष्कळ विमापत्रे भरपाई देत नाहीत, किंवा केवळ जीव वाचवण्यापुरती आणि तीही एका छोट्या मर्यादेपर्यंत देतात. साठी उलटलेल्या आईबापांच्या बाबतीत धोका नेमका तिथेच असतो. म्हणजे पन्नास हजार किंवा एक लाख डॉलरचा आकडा मुखपृष्ठावर झळकतो, आणि ज्या दुखण्याची धास्ती आहे ते दुखणे त्या आकड्याच्या बाहेर राहते. म्हणून ज्येष्ठांसाठी विमा घेताना पहिला प्रश्न किती डॉलर हा नसावा. "आमचा मधुमेह, आमचा रक्तदाब ह्यात धरला आहे काय, आणि कोणत्या मर्यादेपर्यंत?" हा असावा, आणि त्याचे उत्तर लेखी घ्यावे. त्यासाठी थोडा अधिक प्रीमियम पडला तर तो अस्थानी नाही.

दुसरी ओळ मर्यादांची. काही विमापत्रांत एकूण रक्कम मोठी असते, पण खोलीचे भाडे, शस्त्रक्रिया, डॉक्टरची भेट ह्या प्रत्येकाला वेगळी ठराविक मर्यादा घातलेली असते. वयस्क लोकांच्या बाबतीत हे अधिक आढळते. बिल चाळीस हजारांचे आणि मर्यादांची बेरीज आठ हजारांची, असे झाले तर बाकीचे बत्तीस हजार कोणी भरावयाचे? तिसरी ओळ आपल्या वाट्याच्या रकमेची. प्रत्येक क्लेममधील पहिले शंभर डॉलर, समजा, ग्राहकाने सोसावयाचे, असे कलम असते. ह्या कलमाला मी वाईट म्हणणार नाही. लहान तोटा आपण सोसावा आणि मोठा कंपनीने, हे मघाच्या तत्त्वाला धरूनच आहे. चौथी ओळ दारूच्या अंमलाखाली झालेल्या अपघाताची. तिथे भरपाईची आशा धरू नये.

ह्यावर काही सुज्ञ एजंट एक युक्ती सुचवतात : "आजार लिहूच नका, प्रीमियम कमी पडेल." ही युक्ती सल्ला देणाराला कमिशन मिळवून देते आणि घेणाराला बुडवते. दूरदेशी इस्पितळात डॉक्टर पहिला प्रश्न विचारतो की, कोणती औषधे चालू आहेत. आणि आपण जीव वाचवण्यासाठी खरे सांगतो. ते उत्तर केसपेपरवर लिहिले जाते, तो केसपेपर कंपनीकडे जातो आणि अर्जातली खोटी ओळ तिच्या हाती सापडते. आमच्या एका निवृत्त सभासदाच्या बाबतीत एका कंपनीने एवढ्याच कारणावरून क्लेम नाकारला होता. अर्ज एजंटाने भरला होता, सही मात्र सभासदाची होती. कोऱ्या किंवा न वाचलेल्या कागदावर सही करू नका, हा चळवळीचा पहिला धडा इथेही तितकाच लागू आहे.

विमापत्र वापरावयाचे कसे, हेही दोन शब्दांत सांगतो. त्यावर मदतीचा फोन नंबर असतो. तो प्रवाशाजवळ आणि मुलाबाळांजवळ लिहिलेला असावा. इस्पितळात दाखल होण्यापूर्वी, ते अशक्य असल्यास दाखल होताच, त्या नंबरवर कळवावे. कारण कंपनीने परस्पर इस्पितळाला पैसे द्यावयाचे असतील तर ते आधी कळवल्यावर अवलंबून असते. बिले, डॉक्टरची टिपणे, तिकिटे आणि पासपोर्टवरील शिक्क्यांच्या पानांची प्रत जपून ठेवावी. पासपोर्ट किंवा पैसे चोरीस गेले तर तिथल्या पोलिसांचा दाखला घ्यावा. क्लेम नाकारला गेला तर प्रथम कंपनीच्याच तक्रार विभागाकडे लेखी तक्रार करावी. महिन्याभरात समाधान झाले नाही तर विमा लोकपालाकडे जावे. मुंबईत आणि पुण्यात त्यांच्या कचेऱ्या आहेत. तिथे फी नाही, वकील लागत नाही. मात्र कंपनीचा नकार आल्यापासून वर्षाच्या आत गेले पाहिजे.

आता आखातात जाणाऱ्या कामगाराकडे वळतो, कारण तो ह्या सभागृहात नाही. दहावी न झालेल्या माणसाला आखातासारख्या ठराविक १८ देशांत नोकरीसाठी जाताना १९८३ च्या कायद्याखाली सरकारची परवानगी घ्यावी लागते, आणि तिच्याबरोबर प्रवासी भारतीय बीमा योजनेचा विमा सक्तीचा आहे. ही योजना २००३ साली सुरू झाली. २०१७ च्या सुधारणेप्रमाणे दोन वर्षांसाठी २७५ रुपये किंवा तीन वर्षांसाठी ३७५ रुपये, वर कर, एवढ्या प्रीमियममध्ये अपघाती मृत्यू किंवा कायमचे अपंगत्व आल्यास दहा लाख रुपये मिळतात. तिकडे मालक बदलला तरी विमा तुटत नाही. एका दिवसाच्या मजुरीहूनही कमी पैशांत इतके संरक्षण दुसरीकडे मिळणे कठीण. म्हणून ही योजना चांगलीच आहे, असे मी स्पष्टपणे म्हणतो.

पण इथेही मागून वाचू या. दहा लाख आहेत ते अपघाताचे. पन्नास अंशांच्या घरात पोचलेल्या उन्हात मचाणावर काम करणारा तरणाबांड माणूस रात्री खोलीवर झोपतो आणि सकाळी उठत नाही. मृत्यूच्या दाखल्यावर लिहिले जाते, "नैसर्गिक कारण" किंवा "हृदयक्रिया बंद पडून." आखातातल्या स्थलांतरित कामगारांच्या किती तरी मृत्यूंची नोंद अशीच होत आली आहे. त्या दोन शब्दांनी दहा लाखांचे दार बंद होते. म्हणून मृत्यूच्या कारणाची नीट तपासणी व्हावी आणि ते नीट लिहिले जावे, ही मागणी कामगाराच्या विम्याचाच भाग आहे. शव मायदेशी आणण्यासाठी आपल्या वकिलातींत २००९ पासून भारतीय समाज कल्याण निधी आहे, हे नातेवाइकांना ठाऊक असावे. दुसरे असे की, जो भेटीच्या व्हिसावर जाऊन तिथे चोरून कामाला लागतो, तो ह्या योजनेच्या बाहेर राहतो. दलालाने वाचवलेले ते चार दिवस आणि पावणेतीनशे रुपये कुटुंबाला किती महाग पडतील ह्याचा हिशेब निघण्यापूर्वी करावा. आणि तिसरे, विम्याच्या कागदाची एक प्रत घरी पेटीत असावी. मेलेल्या माणसाच्या पाकिटातल्या कागदावर विधवेला क्लेम करता येत नाही.

तेव्हा मूळ प्रश्नाचे उत्तर असे. परदेशी जाताना विमा घ्यावा. पण तो इस्पितळासाठी, परत आणण्यासाठी आणि कमावत्या माणसाच्या जिवासाठी घ्यावा. बॅगेसाठी आणि उशिरासाठी घेऊ नये. घेताना आजार लपवू नये, मर्यादा वाचाव्यात, आणि स्वस्त-महाग हे प्रीमियमवरून न ठरवता वगळलेल्या गोष्टींवरून ठरवावे. तिकिटाचे पैसे जमले आणि विम्याचे जमले नाहीत, असे ज्याचे होत असेल त्याने अमेरिकेची खेप सहा महिने पुढे ढकलावी. नातवंड सहा महिन्यांनी थोडे मोठे दिसेल, एवढेच.

शेवटी एकच विचार मांडतो. आपण आपल्या मुलखात असतो तेव्हा आपल्या डोक्यावर अनेक छत्रे असतात. सरकारी इस्पितळ असते, कामगार विम्याचा दवाखाना असतो, शेजारी असतात, युनियन असते, उसने देणारा मेहुणा असतो. त्यांपैकी कोणतेच छत्र पासपोर्टवर शिक्का मारून बरोबर नेता येत नाही. सीमा ओलांडली की माणूस एकटा पडतो, आणि एकट्याने मोठे ओझे उचलता येत नाही म्हणूनच माणसांनी वर्गणी काढण्याची रीत शोधून काढली. प्रवासाचा विमा ही त्या रीतीची एक लहानशी, नफ्याच्या हिशेबाने थोडी डागाळलेली आवृत्ती आहे. तिच्याकडून जादूची अपेक्षा करू नये आणि तिला फसवणूक म्हणून टाकूनही देऊ नये. करारासारखा करार म्हणून वाचावी आणि हक्कासारखा हक्क म्हणून वसूल करावी.